सकपाळ सरांचे उघडे हात

सकपाळ सरांच्या हातात कुणी काही दिलेलं मी कधी पाहिलं नाही. लोक त्यांच्याकडे वस्तू टाकत. खडू, डस्टर, कपाटाच्या किल्ल्या, केळी, एकदा तर पोस्टमनने फाटकातूनच भिरकावलेला शाळेच्या टपालाचा गठ्ठा. सर ते सगळं झेलत. कुणी सरळ जवळ जाऊन वस्तू हातात द्यायला लागलं, की ते दोन पावलं मागे सरत, तळवे पुढे करत आणि म्हणत, "द्यायचं नाय. टाकायचं."

मी पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्याच दिवशी मला हे कळलं. मी राहायला महाडला, चवदार तळ्याच्या मागच्या आळीत. सकाळची एस.टी. पकडून धापा टाकत पोचले, तर हेडसरांनी प्रयोगशाळेची जादा किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ही सकपाळांना द्या. पी.टी.चे आहेत. शिट्टी ऐकू येईल तिकडे सापडतील." सापडले, एका वर्गात. मी नमस्कार करून किल्ली पुढे केली. सर मागे सरले.

"टाका बाई."

नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी एका अनोळखी पुरुषाच्या अंगावर किल्ली फेकायची हे काही मला बरं दिसेना. तरी टाकली. ती त्यांच्याकडे गेलीच नाही, उजवीकडच्या खिडकीकडे निघाली. सरांनी बाकावर एक पाय दिला, कंबरेपासून वरचं अंग खिडकीबाहेर गेलं आणि किल्ली घेऊन परत आलं.

"तुम्हाला टाकता येत नाय," ते शांतपणे म्हणाले. "पण हरकत नाय. मला झेलता येतं."

सर अंगाने बुटके, रुंद. हात मात्र त्यांच्या मापाचे नव्हते. कुणा उंच माणसाचे चुकून यांना लागले असावेत असे. तळवा म्हणजे लहानसं सूपच. वर्गात शिरताना दाराची चौकट धरायची त्यांना सवय होती. त्यांचा तो हात आधी दिसायचा आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. त्या हाताने त्यांनी कधी कुणाला मारलं मात्र नाही. "हात मारायला नसतो रे," ते म्हणत. "मारायला काठी पुरते. हात घ्यायला असतो."

त्यांची वाडी पोलादपूरच्या वरच्या डोंगरात होती. तिथे घरटी शेरडं, एखाददुसरी म्हैस, उताराची नाचणी आणि एक माणूस मुंबईला, अशी वाटणी. सर लहानपणी शेरडं राखत. कड्यावरून घसरलेलं एक करडू त्यांनी खाली उभं राहून अलगद झेललं होतं, ही त्यांच्या आयुष्यातली पहिली कॅच. ही गोष्ट मी आले तेव्हा करडाची होती. दोन-तीन वर्षांत करडाचं बोकड झालं. सर निवृत्तीला आले तेव्हा कड्यावरून रेडकू पडत होतं आणि हेडसर सोडून कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

या सगळ्यामागे सरांचं एक तत्त्वज्ञान होतं. बोटांना डोळे असतात, असं ते मानत. वस्तू येताना आधी बोटांना दिसते, मग आपल्याला. त्यामुळे बोटं झाकायची म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधायची. शाळेच्या क्रीडासाहित्यात विकेटकीपरचे हातमोजे होते, ते सरांनी कपाटावर टाकून दिले होते. आमचा विकेटकीपर टेनिसच्या चेंडूवर उघड्या हातांनी उभा राहायचा आणि आमचे सुटलेले झेल सगळ्या तालुक्यात कमी असायचे. निदान सर तसं सांगायचे.

त्यांच्या घरी मी एकदा जेवले. पोलादपूरच्या बाजारपेठेमागे भाड्याच्या दोन खोल्या होत्या. वहिनी आत चुलीपाशी, आम्ही पुढच्या खोलीत पानावर. मला वहिनींनी उठून वाढलं. सरांची भाकरी मात्र आतून आली. म्हणजे खरंच आली, हवेतून. दारातून एक गरम, पांढरी थाळी फिरत फिरत आत शिरली, माझ्या डोक्यावरून गेली आणि सरांच्या तळव्यावर बसली. सर वर बघतही नव्हते. ते मला कबड्डीतल्या पकडीविषयी सांगत होते.

"लग्नाच्या पहिल्या वर्षापासून असंच हाय," सर घास मोडत म्हणाले. "एक भाकरी कधी जमिनीवर पडू दिली नाय."

"हां हां," आतून वहिनींचा आवाज आला. "तेवढंच येतं ह्यांना. आणि अजून एक येतेय, बाईंना डोकं खाली घ्यायला सांगा."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग सरांचा धाकटा भाऊ विष्णू सुट्टीवर आला.

विष्णू जहाजावर होता, लॉन्ड्रीत. वर्षातून एकदा यायचा, आला की वाडीत उंची साबणाचा वास सुटायचा. सरांनी त्याला शाळेसाठी एक चांगला फुटबॉल आणायला सांगितलं होतं. आमच्या फुटबॉलला इतकी ठिगळं होती की तो आपला आपणच वळायचा. विष्णूने मोठ्या प्रेमाने पिशवी उघडली आणि सरांच्या दिशेने एक तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती वस्तू टाकली. ती येताना एकदा वर, एकदा खाली, एकदा आडवी झाली. सरांनी झेलली, पण पोटाशी धरून, दोन्ही हातांनी, कसाबसा. असं त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होतं.

"हा कोणाच्या ढुंगणाखाली आला रे?" सरांनी विचारलं. त्यांना वाटलं, सामानात दबला असेल.

"दादा, ओरिजनल हाय. अमेरिकेत ह्यालाच फुटबॉल बोलतात."

"आणि पायानं मारतात कसा ह्याला? कुठं जाईल त्याचा नेम काय?"

"पायानं नाय दादा. हातानं फेकतात, हातानं पकडतात."

सरांनी ती वस्तू दोन्ही हातांत फिरवून बघितली. "हातानं खेळतात नि नाव फुटबॉल," ते शेवटी म्हणाले. "चला, कुणाला तरी हाताची किंमत कळली." आणि तेवढ्यात विष्णूने पिशवीतून शेवटची वस्तू काढली. काळे, चकचकीत, तळव्याला चिकट लागणारे हातमोजे. "हे घालून पकडतात. एकदम गमसारखं पकडतं."

सरांचा चेहरा जावयाने सासरी पिठलं वाढलेलं पाहावं तसा झाला.

शाळेत पोरांनी त्या चेंडूचं नाव नारळ ठेवलं. नारळाने आमच्या शाळेला वेड लावलं. केबल नुकती आली होती आणि एका खेळाच्या चॅनेलवर सकाळी हा प्रकार दाखवत. सर केबलवाल्याच्या दुकानात स्टुलावर बसून बघत आणि मैदानावर येऊन शिकवत. नियम त्यांना फारसे कळले नव्हते, ते त्यांनी स्वतःच केले. दोन बाजू, एकाने टाकायचं, दुसऱ्याने पळत जाऊन झेलायचं, झेलून चिंचेच्या झाडापर्यंत पोचलं की गुण. अंगावर कुणी पडायचं नाही, कारण जमिनीत खडे होते. मोजे कपाटावर, विकेटकीपरच्या मोज्यांच्या शेजारी गेले.

खरं तर तिथेच राहायचे. पण महाडला दोन्ही तालुक्यांच्या क्रीडाशिक्षकांची बैठक भरली. विज्ञान प्रदर्शनाच्या कामासाठी मीही तिथे होते, म्हणून हे माझ्यासमोर घडलं.

महाडच्या एका शाळेत करमरकर सर पी.टी.ला होते. उंच, शिडशिडीत, पांढरे बूट, पांढरा पट्टा, गळ्यात दोन शिट्ट्या. एक चालू, एक राखीव. कपाळाला घाम शोषणारी पट्टी, गुडघ्याला नी-कॅप, मनगटाला आणखी काहीतरी. त्यांचं एकच म्हणणं असे, "साधनं पाहिजेत. साधनांशिवाय खेळ म्हणजे नुसती धावपळ." सकपाळ सरांनी नारळाची गोष्ट रंगवून सांगितली आणि मोजे कपाटावर टाकल्याचं सांगितलं, तेव्हा करमरकर सर उठून उभे राहिले.

"सकपाळ, हे चूक आहे. अमेरिकन माणूस उगाच काही घालत नाही. मोजे घातले की पास पकडायला सोपा जातो, म्हणूनच घालतात."

"अमेरिकन माणूस टाय पण घालतो," सकपाळ सर म्हणाले. "त्यानं काय झेलतो?"

सगळे हसले. करमरकर सरांना ते लागलं असावं. ते खाली बसता बसता म्हणाले, "तुमचं बरं आहे. डोंगरातली मुलं. साधनं मिळत नाहीत, मग साधनं नकोतच म्हणायचं."

ते काही दुष्ट माणूस नव्हते. बोलून गेले.  सकपाळ सर त्यांचे ते मोठे हात मांडीवर पालथे ठेवून बसले होते, ते त्यांनी उताणे केले आणि तळव्यांकडे बघत राहिले.

"बाई," ते एकदम माझ्याकडे वळले, "तुम्ही सायन्सवाल्या. तुम्हीच सांगा. मोज्यानं झेलता येतं का हातानं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घर्षणाविषयी बोलले. चिकट पृष्ठभागाने पकड वाढते हे खरं, हाताला घाम असेल किंवा चेंडू निसरडा असेल तर मोजा थोडा उपयोगी पडेलही. पण तो मापाचा हवा, कोरडा हवा, आणि चेंडू आधी हातापर्यंत यायला हवा. दोघांनाही माझं उत्तर आवडलं नाही. करमरकरांना त्यातला 'पण' आवडला नाही आणि सकपाळांना 'पण'च्या आधीचं सगळं.

तिथेच पैज लागली. वार्षिक परीक्षा संपल्यावर पोलादपूरच्या मैदानावर सामना. मोजे घालून आणि न घालता. जो हरेल त्याने पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, "माझं चुकलं."

ऐकायला एवढंसं वाटतं. पण सकपाळ सरांच्या तोंडून हे शब्द कधी कुणी ऐकले नव्हते. त्यांच्याकडून काही चुकलं तर ते म्हणत, "असं होतं कधी कधी," जणू ते पावसाविषयी बोलताहेत. आणि करमरकर सरांनीही हे शब्द कधी उच्चारले असतील असं त्यांच्या पट्ट्याकडे बघून वाटत नव्हतं.

परतीच्या एस.टी.त सर माझ्या पुढच्या बाकावर होते. बराच वेळ खिडकीबाहेर बघून ते वळून म्हणाले, "बाई, मोजे एकच जोड हाय. उद्या मोज्यानंच झेलता येतं असं ठरलं, तर बाकीच्या पोरांना मी काय सांगू? तुमच्याकडं नाय म्हणून तुम्ही हरणार?"  पैज लागल्यापासून मलाही आता ते हरू नयेत असं वाटायला लागलं होतं.

तयारी सुरू झाली आणि तयारीतच अनर्थ झाला. पोरांना सरांचा कळवळा आला. त्यांनी आपसांत ठरवलं की मोज्याला मोज्याने नाही, फणसाने हरवायचं. तो कच्च्या फणसाचा हंगाम. फणसाच्या देठाला चीर दिली की जो पांढरा चीक येतो, तो हाताला लागला तर तेल लावल्याशिवाय सुटत नाही, हे कोकणात तान्ह्या मुलालाही ठाऊक असतं. माझ्या तासाला मी प्रश्न विचारला आणि एकाने हात वर केला, तर हाताला कंपासपेटी लटकत होती. मी शेजारच्याला हात दाखवायला सांगितलं, तर त्याला तो पलीकडच्याच्या शर्टावरून सोडवता येईना.

सरांना कळलं तेव्हा ते रागावले. "ही लबाडी हाय," म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण लबाडी हाय की नाय, ते आधी बघायला पाहिजे ना?" आणि मैदानाच्या कडेला जाऊन त्यांनी स्वतःच्या दोन्ही तळव्यांना चीक फासला आणि पोरांना म्हणाले, "टाका."

झेल झकास झाला. नारळ दोन्ही तळव्यांच्या मधे असा बसला की जणू तिथेच उगवला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर नारळ सोडायला गेले, तर सुटेना. हात लांब करून झटकले, नारळ हातांबरोबर झटकला गेला. आणि नेमके त्या वेळी हेडसर विस्तार अधिकाऱ्यांना घेऊन मैदानावर आले. साहेब शाळा तपासायला आले होते आणि अचानक आले होते.

"हे आमचे सकपाळ सर," हेडसर म्हणाले.

साहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. सरांना दोन्ही हात छातीशी घेण्यावाचून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी नमस्कार केला, मधे तो तपकिरी नारळ. साहेबांनी त्या नमस्काराकडे बघितलं.

"हे काय?"

"नमस्कार, साहेब," सर म्हणाले. "जरा जाड झालाय."

साहेब हसले नाहीत. हेडसरांनी सरांना नजरेने खाल्लं. शेवटी कुणीतरी धावत जाऊन वहिनींना बोलावून आणलं. त्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या, पायरीवर बसल्या आणि सगळ्या शाळेसमोर नवऱ्याचे हात मांडीवर घेऊन तेल चोळायला लागल्या.

"ह्या वयात फणसाला चिकटता होय?" त्या म्हणाल्या. "लाज नाय वाटत?"

"प्रयोग हाय गो," सर हळूच म्हणाले.

"प्रयोग म्हणे. बोटं वळवा."

चिकाचा निकाल लागला. तो पैजेत चालणार नाही, असं दोन्ही बाजूंनी मान्य झालं. करमरकर सरांनी तर निरोप पाठवला की साधनं म्हणजे फणस नव्हे.

सामन्याच्या दिवशी ऊन कडक होतं. सावित्री नदीकडून येणारा वारा तेवढा होता. करमरकर सर आपली काही मुलं घेऊन आले, पांढऱ्या गंजीत, सगळ्यांचे बूट पांढरे. आमची पोरं जशी येतात तशी आली. पटांगणाच्या कडेला बायामाणसं, बाजारातले दोघेतिघे दुकानदार, केबलवालाही आला होता. ठरलं असं की एकाच मुलाने आधी मोजे घालून झेलायचं, मग मोजे काढून. सगळ्या मुलांनी आळीपाळीने. दोन्ही सरांनी आलटून पालटून पास टाकायचे, म्हणजे पक्षपात नको.

आणि इथे एक गोष्ट उघड झाली, जी इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. सकपाळ सरांना टाकता येत नव्हतं. जन्मभर ते झेलत आले होते. वस्तू दुसऱ्याकडून त्यांच्याकडे यायची, त्यांच्याकडून पुढे कधी गेलीच नव्हती. त्यांनी हात मागे नेला, सगळं बळ लावून नारळ सोडला आणि तो हेडसरांच्या छत्रीवर जाऊन बसला. दुसरा गटारात गेला. तिसरा त्यांच्याच डोक्यावर सरळ उभा गेला आणि सरळ खाली आला. सरांनी तो झेलला, पण तो गुण कुणाच्या नावावर धरायचा यावर वाद झाला.

करमरकर सरांची तऱ्हा वेगळी होती. ते आधी पाय जुळवत, मग खांदा तिरपा करत, मग राखीव शिट्टी पाठीमागे टाकत आणि सांगत, "कोपर नव्वद अंशांत." नारळ सुटला की तो दगड लागलेल्या पाखरासारखा फडफडत जायचा. एकदा तो कडेला चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर आपटला. म्हशीने मान वळवून बघितलं, परत चरायला लागली. त्या दिवशीचा तो सगळ्यात समंजस प्रेक्षक.

मोजे घातलेल्या पोरांनी चेंडू सोडले. मोजे काढलेल्या पोरांनीही सोडले. मोजे विष्णूच्या मापाचे होते, आमच्या पोरांच्या बोटांपुढे दोन-दोन पेरं रिकामी लोंबत. महाडच्या मुलांनाही तेच. घामाने मोजे आतून ओले झाले, बाहेरून मातीने मळले, आणि गमसारखा तो तळवा आता दळणाच्या पिशवीसारखा लागायला लागला. निकाल असा काही लागेचना. दोन्ही बाजूंना भोपळे.

"मोज्यांना धूळ लागली म्हणून," करमरकर सर कपाळ पुसत म्हणाले.

"पोरांची बोटं घाबरली म्हणून," सकपाळ सर म्हणाले.

तेवढ्यात वहिनी आल्या. सर घाईत डबा विसरून आले होते. त्या फाटकातून आत आल्या आणि सरांचा पुढचा पास त्यांच्या पायाशी येऊन थांबला. त्यांनी डबा डाव्या हातात घेतला, उजव्याने नारळ उचलला, उलटसुलट करून बघितला आणि समोर मोजे घालून उभ्या असलेल्या पोराकडे बघून ओरडल्या, "घे रे!"

नारळ निघाला. फडफडला नाही, वळला नाही. आपल्याच भोवती भिंगरीसारखा फिरत, नाक पुढे करून, सरळ गेला आणि त्या पोराच्या लोंबत्या मोज्यांत बसला. पोर स्वतःच दचकलं.

 कुणीतरी नारळ परत आणून दिला. "मोजे काढ," करमरकर सर पोराला म्हणाले. पोराने काढले. वहिनींनी पुन्हा टाकला. पुन्हा बसला. मग महाडचं एक पोर, मग आमची एक मुलगी, मग चिंचेपर्यंत पळत जाणारा एक जण. वहिनी टाकत गेल्या, पोरं झेलत गेली. मोजे होते तेव्हाही आणि नव्हते तेव्हाही. शेवटी करमरकर सरांना राहवलं नाही. त्यांनी मोजे घातले आणि पळाले, झेलला. मोजे भिरकावले आणि पळाले, झेलला. त्यांच्या गळ्यातल्या दोन्ही शिट्ट्या पाठीवर नाचत होत्या आणि ते लहान मुलासारखे ओरडत होते, "वहिनी, अजून एक!"

"वहिनी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" हेडसरांनी विचारलं.

"शिकवतंय कोण? लग्न झाल्यापासून ह्यांच्या हातावर भाकरी टाकतेय," वहिनी म्हणाल्या. "हातात बसंल असं टाकलं की बसतं. त्यात मोजे नि बिजे काय?" मग सरांकडे डबा टाकला. नेमका तळव्यावर. "जेवा. वांगं हाय."

सगळे हसत होते. मी सरांकडे बघत होते. ते हातात डबा धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत होतं. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना हिशेब समजावून सांगितल्यासारखं. त्यांनी डबा उघडला नाही. ते चिंचेखाली जाऊन बसले आणि घरी जायची वेळ होईपर्यंत तिथेच होते.

पैजेचा निकाल काय धरायचा हे कुणालाच कळेना. कुणी हरलं नव्हतं, म्हणजे कुणालाच काही म्हणायची गरज नव्हती. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी तो विषय हसून सोडून दिला आणि पुढचं सुरू केलं. तेव्हा सकपाळ सर उभे राहिले.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

करमरकर सर गडबडले. "अहो, पैज बरोबरीत सुटली. तुमचं काय चुकलं?"

"मला वाटत होतं," सर म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी झेलतोय."

आणि ते खाली बसले. करमरकर सरांनी थोडा वेळ पट्टा नीट केला. मग तेही उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "माझंही. मी त्या दिवशी जे बोललो, मुलांविषयी, ते." वाक्य तिथेच सोडून ते खाली बसले. पण सगळ्यांना कळलं. सकपाळ सरांनी त्यांच्याकडे न बघता मान हलवली.

त्यानंतर शनिवारी वहिनी मैदानावर यायला लागल्या. पदर खोचून उभ्या राहत आणि पोरांना टाकायला शिकवत. सर बाजूला शिट्टी धरून बसत, आणि नव्या पोरांना सांगत, "झेलायला काय, कुणीपण झेलंल. आधी टाकायला शिका." त्यांचं तत्त्वज्ञान असं एका रात्रीत फिरलं, आणि हे आपण पहिल्यापासून सांगत आलो असं त्यांना महिन्याभरात वाटायलाही लागलं. मोजे वहिनींनी करवंदं काढायला नेले. काटे लागत नाहीत, एवढं त्यांनी कबूल केलं.

सर निवृत्त झाले, वाडीवर राहायला गेले. माझी बदली महाडला झाली. मग कितीतरी वर्षं आमची भेट नाही.

सरांना शेवटचं पाहिलं ते महाडजवळच्या सव गावी. माझ्या आईचे सांधे धरले होते, म्हणून तिला गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले होते. परत निघताना रिक्षात बसले आणि सहज मागे बघितलं. कुंडाच्या पायरीवर दोन म्हातारे पाण्यात पाय सोडून बसले होते. एक बुटका, रुंद. दुसरा उंच, आणि पाण्यातही त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधलेली. त्यांचा वाद चालला होता. उंच म्हातारा म्हणत होता, आधी पाय शेकायचे मग हात, तशी पद्धत आहे. बुटका म्हणत होता, जे दुखतंय ते आधी, पद्धत गेली खड्ड्यात.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात करमरकर सर उठायला लागले. त्यांचा गुडघा वळेना. सकपाळ सर आधी उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. करमरकरांनी तो धरला, पण दोघांचेही हात ओले. हात सुटला आणि दोघेही धपकन पाण्यात बसले. पाणी उडालं, शेजारची बाई ओरडली. दोघे म्हातारे भिजलेल्या सदऱ्यांनिशी बसून इतके हसत होते की त्यांना परत उठता येईना.

मग सकपाळ सरांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी हात नाही, मनगट धरलं. दोन्ही हातांनी.

"धरलं का?" त्यांनी विचारलं.

"धरलं," करमरकर म्हणाले.

"मग सोडू नका. अजून एक पायरी हाय."